खरकटं निघतं कसं? पाण्याच्या धारेमागचं साधं गणित

रात्री पिठलं केलं, जेवणं उशिरा झाली, कढई तशीच मोरीत पडली. सकाळी बघावं तर कडेचं पिठलं वाळून पापुद्र्यासारखं कडक झालेलं. नळ पूर्ण सोडून धार मारली तरी ढिम्म हलत नाही. आणि त्याच कढईत पाणी भरून अर्धा तास ठेवली की नुसतं बोट फिरवलं तरी अख्खा पापुद्रा सुटून येतो. हे आपण सगळ्यांनी शंभर वेळा बघितलंय, पण याच्यामागे नेमकं काय घडतं हे मला नोकरीला लागेपर्यंत कळलं नव्हतं.

मी गेली सोळा वर्षं कोल्हापूर भागात दूध डेअरीच्या प्लांटमध्ये काम करतो, आणि त्यातली बरीचशी वर्षं टाक्या, पाइप, पाश्चरायझर (दूध तापवून त्यातले जंतू मारायचं यंत्र) आतून साफ करण्यातच गेली. त्यामुळे ओळखीचे लोक, कुणी मेसवाला, कुणी केटरिंगवाला, कुणी नवीन पनीरचं युनिट टाकणारा, हमखास एकच प्रश्न विचारतात, की "दादा, किती बारचं प्रेशर मशीन घेऊ?" (बार म्हणजे दाबाचं माप.) मी दरवेळी सांगतो की बार नंतर बघू, आधी तुझं खरकटं कशाचं आहे ते सांग. त्यांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाही हो, खरंच उत्तर तिथून सुरू होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आधी धारेचंच बघू. तुमच्या गच्चीवरची टाकी नळापासून समजा ६ मीटर उंच आहे. साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे १ बार, म्हणजे तुमच्या नळाला ०.६ बार मिळाले. या दाबाचं सगळंच्या सगळं वेगात रूपांतर झालं तर पाणी सेकंदाला जवळपास ११ मीटर वेगाने बाहेर पडायला हवं, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, गावातून स्कूटर चालवतो तेवढा वेग. पण नळाखाली हात धरा, एवढा वेग अजिबात नसतो. अर्ध्या इंची नळातून मिनिटाला ८ लिटर पाणी येत असेल तर तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला १ मीटरसुद्धा नसतो. मग बाकीचा दाब गेला कुठे? तो पाइपाच्या घर्षणात, एल्बोमध्ये म्हणजे कोपऱ्यावरच्या जोडांत, तोटीच्या आतल्या वळणांत संपला. खाली पडताना थोडा वेग वाढतो, एक फूटभर पडलं तर सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो, बास.

आता बागेला पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबतो ना आपण, तेव्हा काय होतं? पाणी कमी येतं, पण जे येतं ते जोरात येतं. कारण वाट अरुंद केल्यामुळे एकूण पाणी कमी वाहतं, पाइपात वाहणं मंद झालं की घर्षणात दाब कमी खर्च होतो, आणि उरलेला दाब अगदी शेवटी तोंडाशी येऊन एकदम वेगात बदलतो. नोझल म्हणजे हाच अंगठा, फक्त पितळेचा किंवा स्टीलचा आणि मापात कोरलेला. त्यामुळे त्याच टाकीच्या त्याच पाण्याला चांगलं नोझल लावलं तर भांड्यावर लागणारी धार कितीतरी जोरकस होते आणि पाणी उलट कमी लागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, वेग दुप्पट करायचा असेल तर दाब चौपट लागतो. १ बारला आदर्श हिशोबाने सेकंदाला १४ मीटर, ४ बारला २८ मीटर, आणि १०० बारच्या मशीनला १४१ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. ऐकायला भयंकर वाटतं. पण दाब शंभर पट झाला तरी वेग फक्त दहा पट झाला, आणि मोटार, वीज, पंपाची झीज यांचा खर्च मात्र दाबाच्या मागे पळतो. धार भांड्याला किती जोराने ढकलते हेही काढता येतं, दर सेकंदाला किती किलो पाणी येतंय त्याला वेगाने गुणायचं. नोझल लावलेल्या घरच्या नळाला मिनिटाला ४ लिटर, वेग १० मीटर धरला तर हा धक्का येतो साधारण ७० ग्रॅम वजनाएवढा. १०० बारचं मशीन, मिनिटाला ७ लिटर, तर पावणेदोन किलोच्या आसपास. आपण तारेच्या घासणीवर हाताने सहज याहून जास्त जोर देतो! मशीनचा तो जोर एका बारीक ठिपक्यावर एकवटलेला असतो, म्हणून ते कापतं, एवढंच.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. पाणी कितीही जोरात आलं तरी पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेला पाण्याचा थर जवळजवळ हलतच नाही. विश्वास बसत नसेल तर घरातला पंखा बंद करून त्याच्या पात्यावरून बोट फिरवा. वर्षभर गरगर फिरूनही धुळीचा थर तसाच बसलेला असतो, कारण पात्याला लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, धुळीला वारा लागतच नाही म्हणा ना. पाण्याचंही तसंच. भिंतीला टेकलेलं पाणी थांबलेलं, त्याच्या थोडं वरचं जरा हलणारं, त्याच्या वरचं अजून जोरात, असे थर असतात. खरकट्याला सुटं करणारा जोर म्हणजे या थरांची एकमेकांवर होणारी ओढ, खरकट्याच्या अंगावरून घसटत जाणारी. वरून दाबणारा जोर नाही. वरून दाबून तर ते अजूनच बसेल!

म्हणून धार जिथे बरोबर काटकोनात आदळते त्या अगदी मधल्या बिंदूवर पाणी फक्त दाबतं, आडवं पळत नाही, आणि तिथे घसट जवळजवळ शून्य असते. जरा बाजूला, धारेच्या काठाशी, पाणी वळून आडवं सुटतं आणि तिथे घसट सगळ्यात जास्त. धार तिरकी धरली, किंवा सतत फिरवत राहिलं, की खरकट्याच्या कडेखाली पाणी शिरायला लागतं. कडा उचलली गेली की मग काम सोपं, पापड सोलल्यासारखं निघत जातं. गाड्या धुणारी पोरं नोझल सारखं हलवत असतात ते उगीच नाही.

हे घरी बघायचं असेल तर एक स्टीलचं ताट उपडं करा, त्याला डोशाचं पीठ किंवा दही पातळ लावा आणि बरोबर मध्ये नळाची धार सोडा. ताटावर एक गोल कडं तयार होईल. कड्याच्या आत पाणी अगदी पातळ, काचेसारखं, जोरात पळणारं, आणि कड्याबाहेर एकदम जाड आणि सुस्त. सिंकमध्ये हे कडं रोज दिसतं, आपण लक्ष देत नाही एवढंच. आतलं पाणी मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि वेग टिकवून असतं म्हणून घसट जबरदस्त, खरी सफाई तिथेच होते. बाहेरचं पाणी नुसतं सुटलेलं खरकटं वाहून नेतं. हे कडं का तयार होतं यावर शंभरेक वर्षं असं समजत होते की गुरुत्वाकर्षणामुळे. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या राजेश भगत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताट आडवं, उभं, अगदी उलटं छताला लावल्यासारखं धरून प्रयोग केले आणि दाखवलं की पातळ थरात मुख्य कारण गुरुत्वाकर्षण नाही, पाण्याचा पृष्ठताण आहे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा स्वतःला आवळून धरतो ती ओढ. यावर शास्त्रज्ञांत अजून वादविवाद चालू आहेत, पण मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, की आपल्या मोरीतल्या ताटावरच्या कड्यावर इतकी मोठी माणसं डोकं लावतात. आणि हे नुसतं हौसेखातर नाही, कारण टाकीच्या उभ्या भिंतीवर धार मारली की किती भाग साफ होणार याचा हिशोब याच कड्यावरून बांधता येतो.

याच प्रकारच्या अभ्यासातून आलेलं एक गणित मला कामात फार उपयोगी पडलं. धार एकाच जागी धरून ठेवली तर साफ झालेला गोल सुरुवातीला पटकन वाढतो आणि मग रेंगाळतो. मऊ, सुटून येणाऱ्या थरासाठी हिशोब असा आहे की गोलाची त्रिज्या दुप्पट करायला वेळ ३२ पट लागतो. म्हणजे ५ सेकंदांत दोन बोटं साफ झालं असेल तर चार बोटं व्हायला १६० सेकंद! तेवढ्या वेळात धार जागा बदलत फिरवली असती तर अख्खी परात झाली असती. जे लोक नळ सोडून भांडं खाली ठेवून निघून जातात आणि म्हणतात होईल आपोआप, त्यांचं पाणी असं वाया जातं.

बरं, हे झालं पाण्याच्या बाजूचं. पण समोरच्या पार्टीचं काय? खरकटं सगळं एकसारखं नसतं, आणि माझ्या मते हाच भाग लोक विसरतात.

साखर, मीठ, गूळ सोपं, पाण्यात विरघळतं, जोर लागतच नाही. जिलबीचा पाक कितीही कडक झाला तरी कोमट पाण्यात बसवा, विषय संपला.

पीठ, भात, बटाटा म्हणजे स्टार्च. परातीला लागलेल्या कच्च्या कणकेवर कधी उकळतं पाणी ओतून बघितलंय? ती अजूनच चिकट होते, कारण साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, म्हणजे आपण परातीतच खळ शिजवतो, तीच कपड्यांना घालायची खळ. म्हणून कच्च्या कणकेला गार पाणीच बरं. पण शिजून मग वाळलेला भात किंवा पिठलं असेल तर तिथे वेळ द्यायचा. पाणी त्या वाळलेल्या जाळीत हळूहळू शिरतं, ती फुगते, मऊ होते, तिची आतली पकडही सुटते आणि भांड्याशी असलेली पकडही. या दोन वेगवेगळ्या पकडी आहेत बरं का. आतली पकड आधी सुटली तर खरकटं थोडं थोडं झिजत जातं. भांड्याशी असलेली पकड आधी सुटली तर अख्खा पापुद्रा एकदम उचलून येतो, तो प्रकार बघायला फार समाधान वाटतं.

दूध, अंडं, डाळ म्हणजे प्रोटीन. इथे गरम पाणी आधी घातलं की घोटाळा. अंड्याचा पांढरा भाग तापला की कसा घट्ट होतो, तसंच भांड्यावरचं प्रोटीन गरम पाण्याने तिथल्या तिथे शिजून बसतं. डेअरीत पहिलं पाणी कधीच कडकडीत नसतं, कोमट असतं, ४० अंशांच्या आसपास, एवढ्यात दुधातलं तूप पातळ होतं आणि प्रोटीन बसत नाही. बासुंदीचं पातेलं आधी गार किंवा कोमट पाण्याने विसळा, मग गरम पाण्याचं बघा. मी माझ्या घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, हे तर माझ्या आईलाही माहीत होतं. असणारच, तिच्या आईने दुधाची भांडी आयुष्यभर घासलीत.

तेल-तुपाचा प्रकार अगदी उलटा. पाणी त्याला शिवतच नाही, गार धार मारली तर तूप गोठून पसरतं आणि दिसायला तेवढं साफ दिसतं. तिथे ते वितळेल एवढी ऊब हवी आणि साबण हवा, साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि एक पाण्याला, मग तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्याबरोबर निघून जातात. धारेचं काम इथे थेंब फोडायचं आणि वाहून न्यायचं.

आणि हळद. हळदीचा रंग म्हणजे करक्युमिन, तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो आणि प्लास्टिकच्या डब्यात आत मुरतो. तिथे १०० बारचं मशीन लावलं तरी काहीही होणार नाही, कारण तो डाग पृष्ठभागावर राहिलेलाच नाही, आत गेलाय. तो डबा उन्हात ठेवा, ऊन करक्युमिन मोडतं. हळदीचा हात साबणाने धुताना लाल होतो ते बघितलं असेल, साबण अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, असतो म्हणून. चुना घालून हळदीचं कुंकू करतात तोच प्रकार.

शेवटचा प्रकार क्षारांचा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग आणि आमच्याकडचा मिल्कस्टोन, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट आणि प्रोटीन मिळून बसलेला राखाडी-पिवळा दगडासारखा थर. हा नुसत्या पाण्याने जन्मात जात नाही.

माझी आज्जी चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन भांडी घासायची, आणि तांब्या-पितळेची असली तर चिंचेने. मी कामाला लागलो आणि सीआयपी शिकलो, म्हणजे प्लांट न उघडता आतल्या आत धुण्याची पद्धत, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आम्ही तेच करतोय. राख म्हणजे अल्कली, तेलाचा साबण करते आणि प्रोटीन-स्टार्च सैल करते. आमच्याकडे राखेच्या जागी कॉस्टिक सोडा, पाण्यात एक-दीड टक्का, ७० ते ८० अंशांना. चिंच म्हणजे आम्ल, धातूवरचा काळपटपणा आणि क्षार विरघळवते. आमच्याकडे चिंचेच्या जागी नायट्रिक ॲसिड, अर्धा ते एक टक्का, ६०-६५ अंशांना. काथ्याच्या जागी पाण्याचा वेग, पाइपात सेकंदाला किमान दीड मीटर. मध्ये साध्या पाण्याने विसळणं, कारण दोन्ही एकमेकांत गेले तर दोघंही वाया. आणि क्लोरीनवालं ब्लीच तर कधीच आम्लात मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो, घरच्या बाथरूममध्येही हे लागू आहे, कृपया लक्षात ठेवा.

१९५९ मध्ये हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन केमिस्टने हे सगळं एका गोलात बसवलं. सफाईचे चार भागीदार, रसायन, जोर, तापमान आणि वेळ. एक कमी पडला तर बाकीच्यांनी भरून काढायचं. पिठल्याच्या कढईत पाणी भरून ठेवलं तेव्हा तुम्ही वेळ वाढवला आणि जोर वाचवला. राख घेतली तेव्हा रसायन वाढवलं. प्रेशर मशीन घेणारा फक्त जोर वाढवतोय आणि बाकी तीन भागीदारांना घरी बसवतोय, म्हणून मी त्याला उलट प्रश्न विचारतो.

पण "भरून काढायचं" याचा अर्थ वाट्टेल तेवढं वाढवायचं असाही नाही, हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी पाश्चरायझरच्या प्लेटा, म्हणजे ज्यांच्यामधून दूध तापत जातं ते स्टीलचे पत्रे, नीट साफ होत नव्हत्या, तर मी कॉस्टिक दुपटीपेक्षा जास्त केलं, वाटलं पटकन सुटेल. प्लेटा उघडल्या तर थर गेला नव्हता, उलट रबरासारखा चिवट आणि अर्धपारदर्शक होऊन बसला होता. नंतर वाचलं तेव्हा कळलं, नुसत्या व्हे प्रोटीनच्या, म्हणजे पनीरच्या पाण्यात उरतं त्या प्रोटीनच्या थरासाठी कॉस्टिक अर्ध्या टक्क्याच्या आसपास सगळ्यात चांगलं काम करतं, फार तीव्र झालं तर थराची वरची बाजू घट्ट जेलीसारखी होते आणि आत पाणी शिरायची वाटच बंद होते. त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून प्लेटा हाताने ब्रश मारून काढल्या, रात्रीचे अकरा वाजले.

डिशवॉशरकडे बघितलं की हे सगळं एका डब्यात दिसतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाच्या गावात जोसेफिन कोक्रेन नावाच्या बाई होत्या, त्यांनी १८८६ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधीही भांडी धुवायची यंत्रं करून बघितली होती लोकांनी, पण बाईंनी भांडी तारेच्या कप्प्यांत घट्ट बसवली आणि पाणी दाबाने त्यांच्यावर सोडलं, घासणी काढूनच टाकली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची मशीन लोकांनी बघितली आणि सुरुवातीला जास्त करून हॉटेलवाल्यांनीच घेतली.

आजच्या घरगुती डिशवॉशरमध्ये गोल फिरणारा हात असतो ना, त्याला वेगळी मोटार नसते. त्याची काही भोकं तिरकी असतात, पाणी एका बाजूला सुटतं म्हणून हात दुसऱ्या बाजूला फिरतो. आणि पाण्याचा दाब फार नसतो हो, काम होतं ते तास-दीड तास गरम पाणी, अल्कली पावडर, आणि त्यातली एन्झाइम्स, एक स्टार्च तोडणारं आणि एक प्रोटीन तोडणारं, यांच्या जिवावर. तेच तेच १०-१५ लिटर पाणी गाळून परत परत फिरवतात. नळ सोडून भांडी घासली तर एवढं पाणी दोन मिनिटांत जातं. भारतीय घरात लोकांची तक्रार असते की कढई निघत नाही, तर बहुतेक वेळा कढई पालथी पण दुसऱ्या ताटाच्या आड ठेवलेली असते. धार सरळ जाते, वळण घेत नाही, तिच्या वाटेत ताट आलं की मागे सावली पडते, उन्हात पडते तशीच, आणि त्या सावलीतलं खरकटं पाण्याला दिसतच नाही.

आता त्या प्रेशर मशीनचं. मी विरोधात नाहीये, ट्रकचं चाक, गोठ्याची फरशी, उसाच्या गाडीचा चिखल, तिथे खुशाल वापरा. पण जिथे अन्न तयार होतं तिथे जास्त दाबाची एक मोठी भीती आहे, धुकं. १०० बारची धार फरशीवर आदळली की पाण्याचे इतके बारीक कण होतात की ते हवेत तरंगत राहतात, आणि त्या फरशीवर, विशेषतः गटाराच्या जाळीत जे काही होतं ते सोबत घेऊन वर चढतात. मग तासाभराने तेच तुमच्या आत्ताच धुतलेल्या टेबलावर, पनीरच्या साच्यावर, पॅकिंगच्या पट्ट्यावर येऊन बसतं. लिस्टेरिया नावाचा जंतू नेमका अशा ओल्या कोपऱ्यात, गटारात राहतो, आणि फ्रिजच्या ४ अंशांतही वाढतो, म्हणजे थंड ठेवलं की सुरक्षित हा आपला भरवसा तिथे चालत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरियाची साथ पसरली, ३३ माणसं गेली. तपासणीत पॅकिंगच्या जागी फरशीवर साचलेलं पाणी सापडलं आणि फळं धुवायची-वाळवायची यंत्रं अशी सापडली की जी नीट साफ करणंच अवघड होतं. ही बातमी मी प्लांटमध्ये नव्या पोरांना दरवर्षी सांगतो, कारण त्यांना वाटतं धुणं म्हणजे कमीपणाचं काम.

म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी कोरडं खरकटं खरवडून, गोळा करून उचलायचं, धारेने ढकलत गटारात न्यायचं नाही. मग कमी दाबाने वरून खाली ओलं करायचं, साबणाचा फेस मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं पण वाळू द्यायचं नाही, मग कमी दाबानेच विसळायचं. बऱ्याच अन्नप्रक्रिया युनिटमध्ये २०-२५ बारच्या आसपासच काम भागतं, आणि थांबायची ती दहा मिनिटं फुकट असतात, त्याला वीज लागत नाही. गटार वेगळ्या ब्रशने, वेगळ्या वेळी, आणि तिथे धार तर मारायचीच नाही. अजून एक, मशीनची धार बोटावर घेऊन बघू नका, ती कातडीतून आत शिरते, बाहेरून बारीक भोक दिसतं आणि आत हात खराब झालेला असतो, लगेच दवाखान्यात जावं लागतं.

मोठ्या टाक्यांत मात्र माणूस आत उतरवायचा नाही, तिथे वरून एक स्टीलचा चेंडू लटकवलेला असतो, सगळीकडून भोकं असलेला, त्याला स्प्रे बॉल म्हणतात. लोकांना वाटतं त्याच्या धारा भिंतीवर आदळून सफाई होते. थोडीफार होते, पण खरं काम भिंतीवरून खाली ओघळणारा पाण्याचा पडदा करतो. तो पडदा तुटता कामा नये, म्हणून टाकीच्या घेराच्या प्रत्येक मीटरमागे मिनिटाला ३० लिटरच्या आसपास पाणी सोडायचं असा ढोबळ नियम आहे. २ मीटर व्यासाची टाकी असेल तर घेर ६ मीटरच्या वर, म्हणजे मिनिटाला १९० लिटर. पंप त्यापेक्षा लहान असेल तर पडदा फाटतो, पाणी ओहोळ करून दोन-चार वाटांनी खाली येतं आणि मधले पट्टे कोरडे राहतात. फिरणारी जेट हेडही मिळतात, ती खरोखर धारेने मारतात आणि पाणी कमी लागतं, पण एखादं भोक बुजलं किंवा फिरणं अडकलं तर बाहेरून कळत नाही.

मग कळायचं कसं? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. रायबोफ्लेविन, म्हणजे व्हिटॅमिन बी-२, पाण्यात अगदी थोडं विरघळवून टाकीच्या आत सगळीकडे फवारायचं. ताकाच्या निवळीला, पनीरच्या पाण्याला जो हिरवट-पिवळा रंग असतो तो यामुळेच. नंतर नुसत्या पाण्याने स्प्रे बॉल चालवायचा, दिवे बंद करायचे आणि झाकणातून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा. जिथे पाणी पोचलं तिथे काळोख, जिथे नाही पोचलं तिथे रायबोफ्लेविन पिवळं-हिरवं चमकतं.

मी पहिल्यांदा ही चाचणी केली ती एका दह्याच्या टाकीत, जी आम्ही दोन वर्षं रोज धूत होतो आणि वरून बघितलं की चकाचक दिसायची. टॉर्च मारला आणि ढवळणीच्या पात्याच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी लख्ख पट्टी, आणि झाकणाच्या गास्केटच्या मागे बारीक कडी, कुकरच्या रबरी रिंगेखाली डाळ साचते ना, अगदी त्याच जागी. चेंडू वरून पाणी टाकतो, पात्याच्या खाली त्याची सावली, दोन वर्षं तिथे पाणी नीट पोचलंच नव्हतं. आमच्याबरोबर एक जुने ऑपरेटर काका होते, ते बराच वेळ टॉर्च धरून नुसते बघत राहिले. मग आम्ही धुताना ढवळणी चालू ठेवायला लागलो म्हणजे पात्याची सावली एकाच जागी राहणार नाही, दुसऱ्या बाजूने एक जास्तीचा बॉल बसवला, आणि गास्केट दर आठवड्याला काढून हाताने धुवायची असं लिहून लावलं. पुढच्या महिन्यात पुन्हा रायबोफ्लेविन मारलं, दिवे बंद केले, टॉर्च काकांच्याच हातात दिला. आत सगळा काळोख होता.